आधारातली नोंद: कागद जुळवायचे कसे, जपायचे कसे

रेशन, पगार, पेन्शन, शिष्यवृत्ती, पीक विमा, नवं सिम यांतलं काहीही अडलं की कारण बहुतेक वेळा एकच निघतं: दोन कागदांवरच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. आधार कार्ड हरवलं तर मोबाइल जोडलेला असल्यास पाच मिनिटांत पुन्हा उतरवून घेता येतं. पण आधारात नावाचं स्पेलिंग एक आणि पॅनवर दुसरं असेल, तर त्याची दुरुस्ती महिनोन्‌महिने पुरते, आणि नेमकी तेव्हाच करावी लागते जेव्हा हातात वेळ नसतो. म्हणून हे काम अडचण येण्याआधी, निवांतपणे करायचं.

नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिला आधार क्रमांक दिला गेला. त्या सुरुवातीच्या वर्षांत घाईघाईत झालेल्या नोंदण्यांमधल्या चुका आज घराघरांत आहेत. तुमच्या घरातही एखादी असेल असं धरूनच चाला.

आधी तुलनेचं पान तयार करा

घरातल्या प्रत्येक माणसासाठी एक कोरं पान घ्या. डावीकडे खाली खाली कागदांची नावं लिहा: जन्म दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड, बँक पासबुक, पीएफ खातं, शेती असेल तर सातबारा. वर रकाने आखा: मराठीतलं नाव, इंग्रजी स्पेलिंग, जन्मतारीख, वडिलांचं किंवा पतीचं नाव, जोडलेला मोबाइल. आठवणीतून काही भरू नका, कागद समोर ठेवून अक्षर न अक्षर उतरवा. आधारावर मराठी आणि इंग्रजी नाव स्वतंत्रपणे नोंदलेलं असतं. एक बरोबर म्हणून दुसरंही बरोबर असेलच असं नाही.

पान भरून झालं की फरक लाल पेनने गोल करा. साधारणपणे हे फरक दिसतात: आडनाव कुठे आधी तर कुठे शेवटी, मधलं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी फक्त आद्याक्षर, ‘बाई’, ‘राव’, ‘ताई’ कुठे जोडलेलं तर कुठे गाळलेलं, ‘ज्ञानेश्वर’चं स्पेलिंग एकीकडे ‘डी’ने तर दुसरीकडे ‘जी’ने सुरू, ‘सुनीता’त एकदा ‘आय’ आणि एकदा ‘डबल ई’.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. अर्जात बारा आकडी क्रमांक टाकल्यावर लगेच ‘क्रमांक अवैध’ असा संदेश आला तर घाबरू नका. आधाराचा शेवटचा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले की हिशेब जुळत नाही आणि अर्ज तो क्रमांक नाकारतो. आधार रद्द झालेलं नसतं, टाइप करताना चूक झालेली असते.

नाव: दोनच संधी

आधारातलं नाव आयुष्यात दोनदा बदलता येतं, जन्मतारीख एकदा, लिंग एकदा. पत्त्याला अशी मर्यादा नाही. या नियमाची कल्पना नसल्यामुळे लोक पहिली संधी एखाद्या किरकोळ फरकासाठी वापरतात, लग्नानंतर दुसरी वापरतात, आणि तिसऱ्या वेळी खऱ्या गरजेला दार बंद सापडतं. म्हणून केंद्रावर जाण्याआधी ठरवा: माझं कायमचं नाव कोणतं?

बहुतेकांच्या बाबतीत ते दहावीच्या गुणपत्रिकेवरचं किंवा जन्म दाखल्यावरचं असावं, कारण हे दोन कागद बदलणं सगळ्यांत कठीण. मूल अजून शाळेत असेल तर जनरल रजिस्टरमधली चूक तिथे असतानाच दुरुस्त करून घ्या. शाळा सोडल्यावर ती दुरुस्ती फार अवघड होऊन बसते.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा:

१. जन्म दाखला किंवा शाळेची नोंद
२. आधार
३. पॅन
४. बँक
५. पीएफ, रेशन कार्ड, मतदार यादी आणि बाकीचं

क्रम उलटा केला की काम दुप्पट होतं. पॅनची दुरुस्ती आधार ई-केवायसीच्या, म्हणजे आधारावरून ऑनलाइन ओळख पटवण्याच्या, मार्गाने केली तर नाव थेट आधारातून उचललं जातं. आधारात चूक असेल तर तीच चूक नव्या पॅनवर छापून येते. बँक पुढे पॅन आणि आधार दोन्ही पाहते, त्यामुळे ती चूक तिसऱ्या ठिकाणी जाते.

आधारावर ‘केअर ऑफ’ म्हणून छापलेलं वडिलांचं किंवा पतीचं नाव हा पत्त्याचा भाग आहे. ते बदलायचं असेल तर पत्त्याची दुरुस्ती म्हणून अर्ज करा, नावाची म्हणून नको. इथे अनेकांची एक संधी फुकट जाते.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे अशी कायद्याची सक्ती नाही. शिक्षण, पॅन, पीएफ, बँक सगळं माहेरच्या नावाने असेल आणि चालू असेल, तर ते तसंच ठेवणं हा सोपा आणि पूर्णपणे वैध मार्ग आहे. बदलायचं ठरवलं तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र हाताशी घ्या आणि त्यावर लग्नाआधीचं व लग्नानंतरचं नाव कसं लिहिलंय ते आधी वाचा. मग वर दिलेल्या क्रमाने सगळीकडे बदला. अर्धवट बदल सर्वांत जास्त त्रास देतो. पॅनचा पाचवा वर्ण आडनावाच्या आद्याक्षराचा असतो. आडनाव बदललं तरी पॅन क्रमांक तोच राहतो, त्यामुळे ते अक्षर जुळत नाही म्हणून नवा पॅन काढू नका. दोन पॅन बाळगणं बेकायदा आहे.

संपूर्ण नावच बदलायचं असेल तर राज्याच्या राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते. दोन संधी संपल्या असतील तर ते राजपत्र आणि जुन्या नावाचा पुरावा घेऊन युआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या, मुंबईतल्या प्रादेशिक कार्यालयाकडे अपवाद म्हणून मागणी करावी लागते. मार्ग आहे, पण लांबचा.

जन्मतारीख

महाराष्ट्रात १ जून आणि १ जानेवारी हे वाढदिवस इतक्या लोकांचे का, हे वेगळं सांगायला नको. जन्माची नोंद नव्हती तिथे शाळेने किंवा आधार केंद्राने तारीख धरली. जुन्या काही आधार कार्डांवर तर फक्त जन्मवर्ष छापलेलं आहे. फक्त वर्ष असेल आणि पुरावा हाती असेल तर ते पूर्ण करून घ्या, कारण पूर्ण तारीख मागणारे अर्ज अशा नोंदीवर अडतात.

दुरुस्ती एकदाच मिळते, म्हणून सर्वांत भक्कम कागद लावा: जन्म प्रमाणपत्र, पासपोर्ट किंवा मंडळाची गुणपत्रिका. स्वीकारल्या जाणाऱ्या कागदांची यादी बदलत असते, केंद्रावर जाण्याच्या आदल्या दिवशी युआयडीएआयच्या संकेतस्थळावर ती पाहून घ्या.

आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही. युआयडीएआयनेच डिसेंबर २०२३मध्ये हे स्पष्ट केलं, जानेवारी २०२४मध्ये पीएफ कार्यालयाने जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार वगळलं आणि ऑक्टोबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. नागरिकत्वाचा पुरावाही तो नाही. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टसाठी तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्म प्रमाणपत्रच चालतं. घरात बाळ आलं असेल तर ग्रामपंचायतीतून किंवा पालिकेतून दाखला आणा, त्यावर बाळाचं नाव चढवून घ्या, मग आधार काढा.

मोबाइल क्रमांक

आधारातल्या सगळ्या नोंदींपैकी रोज उपयोगी पडते ती ही. ओटीपी येत नसेल तर कार्ड उतरवता येत नाही, पत्ता बदलता येत नाही, बायोमेट्रिकला (ठसे, डोळे, चेहरा) कुलूप लावता येत नाही, कुणी तुमचं आधार वापरलं का हेही पाहता येत नाही. तरीही असंख्य घरांत आईचं, आजीचं आधार मुलाच्या किंवा एखाद्या दुकानदाराच्या क्रमांकाला जोडलेलं असतं. बंद पडलेला जुना क्रमांक तर अधिक धोक्याचा, कारण कंपनी तो काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देते आणि ओटीपी त्याच्याकडे जातो.

क्रमांक बदलायला कोणतंही कागदपत्र लागत नाही, तुमचं बायोमेट्रिक पुरतं. आधार केंद्रावर होतं आणि इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या माध्यमातून पोस्टमन घरी येऊनही करतो. अंथरुणाला खिळलेल्या किंवा दूरच्या वस्तीवरच्या माणसांसाठी पोस्टातली ही सोय आवर्जून विचारा.

सोबत संचार साथी या दूरसंचार खात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती सिम आहेत तेही पाहा. महाराष्ट्रात एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम असू शकतात. यादीत ओळखीचा नसलेला क्रमांक दिसला तर तिथेच ‘माझा नाही’ अशी तक्रार नोंदवता येते.

केंद्रावर

आधी वेळ घ्या. केंद्रं पोस्टात, बँकांत, तहसील कार्यालयात आणि युआयडीएआयच्या आधार सेवा केंद्रांत असतात. मूळ कागद न्या, झेरॉक्सवर काम होत नाही, कारण मूळ कागदच स्कॅन होतो. शुल्क १ ऑक्टोबर २०२५पासून असं आहे: नाव, पत्ता, मोबाइल यांसारख्या दुरुस्तीला ७५ रुपये, बोटांचे ठसे, डोळे, फोटो यांच्या अद्ययावतीकरणाला १२५ रुपये. दोन्ही एकाच वेळी केलं तर नाव-पत्त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. त्यामुळे फोटो बदलायला जाणार असाल तर मोबाइल आणि पत्ताही त्याच फेरीत उरकून घ्या. नवी नोंदणी मोफत आहे. कुणी जास्त मागितले तर पावती मागा आणि आधाराच्या १९४७ या मदत क्रमांकावर कळवा. तिथे मराठीत बोलता येतं.

ऑपरेटर टाइप करत असताना तुमच्या बाजूचा पडदा वाचत राहा. इंग्रजी नाव टाकलं की मराठी नाव यंत्र आपोआप तयार करतं, आणि यंत्राला ‘ल’ व ‘ळ’, ‘न’ व ‘ण’, ऱ्हस्व व दीर्घ यांतला फरक कळत नाही. ‘काळे’चं ‘काले’ होतं, ‘माळी’चं ‘माली’ होतं. ऑपरेटरला पडद्यावरच दुरुस्त करायला सांगा, ती सोय असते. पोचपावती हातात आल्यावर पुन्हा एकदा नाव, तारीख, मोबाइल वाचा आणि मगच तिथून हला. त्या क्षणी चूक सापडली तर ती सहज सुटते. नोंद पुढे गेल्यावर तीच चूक तुमची एक संधी खाते.

अर्ज फेटाळला जाण्याची नेहमीची कारणं: कागदावरचं नाव मागितलेल्या नावाशी जुळत नाही, कागदाची मुदत संपलेली आहे, स्कॅन धूसर आहे, किंवा दाखला ठरलेल्या नमुन्यात नाही. सरपंच, नगरसेवक, आमदार, राजपत्रित अधिकारी यांच्या सहीचा दाखला लावणार असाल तर तो युआयडीएआयच्या छापील नमुन्यातच हवा, फोटोवर सही-शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर हवा, आणि दाखला तीन महिन्यांपेक्षा जुना नको. साध्या लेटरहेडवर लिहून आणलेला रहिवासी दाखला परत येतो.

पत्ता मात्र घरबसल्या, युआयडीएआयच्या मायआधार पोर्टलवरून बदलता येतो. स्वतःच्या नावावर वीजबिल किंवा भाडेकरार नसेल तर कुटुंबप्रमुखाच्या पत्त्याच्या आधारे अर्ज करता येतो. नात्याचा पुरावा जोडायचा. मग कुटुंबप्रमुखाने ३० दिवसांत स्वतःच्या खात्यात जाऊन ओटीपीने संमती द्यायची. ती राहून गेली की अर्ज बाद होतो आणि भरलेले पैसे परत मिळत नाहीत.

मुलांसाठी

पाच वर्षांखालच्या मुलांचं आधार निळं असतं, त्यात ठसे नसतात आणि ते आई किंवा वडिलांच्या आधाराला जोडलेलं असतं. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बायोमेट्रिक भरावं लागतं. पाच ते सात आणि पंधरा ते सतरा या वयात ते एकेकदा मोफत आहे. पंधराव्या वर्षीचं हमखास राहून जातं. मग अकरावी-बारावीत प्रवेश परीक्षेच्या अर्जाच्या वेळी फोटो लहानपणीचा आणि ठसे न जुळणारे असं चित्र होतं. नववीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत हे काम करून टाका आणि तेव्हाच शाळेतलं नाव व आधारातलं नाव पडताळा.

शाळेच्या प्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात सांगितलं आहे.

सरकारी पैसे कोणत्या खात्यात जातात

२०२४मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे पैसे येऊ लागले तेव्हा कित्येक बायका पासबुक घेऊन एका बँकेत चौकशी करत होत्या आणि पैसे दुसऱ्याच, विसरलेल्या खात्यात जमा होत होते. यामागचं कारण समजून घेतलं तर पुढे कुठल्याही योजनेत हा घोळ होणार नाही.

बँकेत आधार ‘जोडणं’ आणि सरकारी पैशांसाठी आधार ‘सीड’ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका आधाराला कितीही खाती जोडलेली असू शकतात. पण एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, यादीत एका वेळी एकच बँक असते, आणि सर्वांत शेवटी ज्या बँकेने सीडिंग केलं ती आधीच्या बँकेची जागा घेते. आधारावर आधारित रक्कम अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकाकडे न पाहता या यादीतल्या बँकेत जाते. एखाद्या मेळाव्यात किंवा दुकानात पटकन उघडलेलं शून्य शिलकीचं खातं अशा रीतीने नकळत मुख्य खातं होऊन बसतं.

तपासायचं असं: मायआधार पोर्टलवर ओटीपीने लॉग-इन करा, ‘बँक सीडिंग’ची स्थिती पाहा. तिथे बँकेचं नाव आणि स्थिती चालू आहे की नाही ते दिसतं. बँक बदलायची असेल तर हव्या असलेल्या बँकेत आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या आणि त्यात ‘आधीच्या बँकेकडून या बँकेकडे’ हा पर्याय भरून जुन्या बँकेचं नाव लिहा. सुमारे आठवड्याने पुन्हा पोर्टलवर पाहा. ‘झालं’ असं काउंटरवरून सांगितलेलं पुरेसं समजू नका.

सीडिंग ठीक असूनही पैसे परत गेले तर दोन कारणं तपासा. खातं बराच काळ न वापरल्याने निष्क्रिय झालं असेल. किंवा ते पूर्ण केवायसी न केलेलं ‘छोटं खातं’ असेल. अशा खात्यात वर्षभरात एकूण एक लाख रुपयांपर्यंतच जमा होऊ शकतात. ही मर्यादा ओलांडणारी रक्कम परत फिरू शकते.

अंगठा उमटत नाही तेव्हा

ऊसतोड, बांधकाम, धुणीभांडी, शेतीकाम करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, म्हातारपणी कातडी कोरडी आणि सैल होते. यात त्या माणसाची काहीही चूक नाही आणि त्याला दुकानातून परत पाठवणं हा अन्याय आहे.

यंत्रासमोर आधी हे करून पाहा. हात साबणाने धुऊन पुसा. बोट फार कोरडं असेल तर थोडंसं खोबरेल चोळून ते पूर्ण पुसून काढा. तेलकट बोट चालत नाही, ओलं तर अजिबात नाही. यंत्राची काच कोरड्या फडक्याने पुसायला सांगा. बोटाचं टोक टेकवू नका, पेराचा मधला फुगीर भाग सपाट ठेवा आणि हलका दाब द्या. जोरात दाबलं की रेषा एकमेकींत मिसळतात. अंगठ्याचा हट्ट धरू नका. दहाही बोटांचे ठसे नोंदलेले असतात, त्यामुळे अनामिका किंवा डाव्या हाताची तर्जनी अनेकदा चटकन जुळते. कोणतं बोट चाललं ते लिहून ठेवा.

बोटं चालतच नसतील तर डोळे, चेहरा किंवा ओटीपी हे पर्याय आहेत. रेशनची ई-केवायसी ‘मेरा ई-केवायसी’ ॲपवर चेहऱ्याने होते आणि पेन्शनधारकांचा हयातीचा दाखला जीवन प्रमाण ॲपवरून चेहऱ्याने देता येतो. दोन्हींसाठी ‘आधार फेस आरडी’ हे ॲप फोनमध्ये लागतं. चेहरा ओळखताना पाठीमागे खिडकी नको, उजेड समोरून हवा, चष्मा काढा आणि डोक्यावरचा पदर थोडा मागे घ्या. वारंवार अपयश येत असेल तर केंद्रावर बायोमेट्रिक नव्याने द्या, जुने ठसे दहा-बारा वर्षांपूर्वीचे असतात.

रेशन दुकानदार तरीही नाही म्हणाला तर त्याच्याकडून नकार लेखी मागा आणि तहसील कार्यालयातल्या पुरवठा निरीक्षकाकडे जा. पडताळणी अयशस्वी झाली तर अपवाद म्हणून धान्य देण्याची पद्धत काय असावी, याचं परिपत्रक युआयडीएआयने २४ ऑक्टोबर २०१७ रोजीच काढलेलं आहे.

प्रत देताना

लॉज, सोसायटीचं गेट, फोनचं दुकान, कुरिअर, जिम: सगळीकडे आधाराची झेरॉक्स मागतात. जिथे फक्त ओळख पटवायची आहे तिथे मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना द्या. आधारच द्यायचं असेल तर मास्क्ड आधार द्या. त्यावर पहिले आठ आकडे झाकलेले असतात, फक्त शेवटचे चार दिसतात. मायआधारवर कार्ड उतरवताना ‘मास्क्ड’च्या चौकटीत टिक करा. फाइल उघडायला पासवर्ड लागतो: इंग्रजी नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि लगेच जन्मवर्षाचे चार आकडे, मध्ये जागा नाही. नाव तीनच अक्षरांचं असेल तर तीन अक्षरं आणि वर्ष. नावात टिंब असेल तर तेही एक अक्षर म्हणून धरा.

हा पासवर्ड कुणालाही सहज ताडता येईल असा आहे, म्हणून ती फाइल सायबर कॅफेच्या संगणकावर किंवा दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर राहू देऊ नका. छापून झाल्यावर डाउनलोडचा कप्पा आणि रिसायकल बिन दोन्ही स्वतः रिकामे करा.

झेरॉक्सवर प्रत्येक वेळी आडवं लिहा: कोणाला दिली, कशासाठी, तारीख, सही. लिखाण फोटो आणि अक्षरांवरून जायला हवं, कडेला लिहिलेलं कापून टाकता येतं.

संकेतस्थळावर बारा आकडी क्रमांक मागितला तर त्याऐवजी सोळा आकडी आभासी क्रमांक, म्हणजे व्हीआयडी, चालतो का पाहा. तो मायआधारवर केव्हाही तयार करता येतो आणि नवा केला की जुना बाद होतो. त्यावरून मूळ क्रमांक काढता येत नाही.

उलट बाजूने, तुम्ही भाडेकरू किंवा कामगार ठेवत असाल तर झेरॉक्स पाहून काहीच कळत नाही, फोटो आणि नाव कुणीही बदलून छापू शकतं. कार्डावरचा क्यूआर कोड युआयडीएआयच्या ॲपने स्कॅन करा. त्यातली माहिती डिजिटल स्वाक्षरीने सील केलेली असते. स्कॅनमध्ये आलेलं नाव व फोटो आणि समोरचं कार्ड यांत फरक असेल तर कार्ड बनावट आहे.

कुलूप लावा

आधार आणि अंगठा यांवर बँकेतून पैसे काढायची जी सोय गावोगावी आहे, तिला ना पिन लागतो ना ओटीपी. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा एवढं पुरतं. एका वेळी दहा हजारांपर्यंत रक्कम निघते. चोरांनी जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे मिळवून सिलिकॉनचे नकली ठसे बनवल्याचे प्रकार देशात अनेक ठिकाणी उघड झाले आहेत. दस्तात आधार क्रमांकही असू शकतो.

उपाय मोफत आहे. मायआधारवर किंवा ॲपमध्ये ‘बायोमेट्रिक लॉक’ चालू करा. त्यानंतर ठसा, डोळे, चेहरा यांपैकी काहीच चालत नाही, ओटीपी मात्र चालतो. रेशन घ्यायचं असेल किंवा सिम काढायचं असेल तेव्हा दुकानात उभं राहून तात्पुरतं उघडा. दहा मिनिटांनी ते आपोआप पुन्हा बंद होतं. कुलूप असताना यंत्रावर ३३० क्रमांकाची चूक दिसते. ते दिसलं की ठसे बिघडलेत असं समजून नव्याने द्यायला जाऊ नका. ज्या वृद्धांकडे स्मार्टफोन नाही आणि दर महिन्याला अंगठ्यानेच पैसे काढावे लागतात, त्यांच्यासाठी कुलूप गैरसोयीचं ठरतं. तिथे बँकेत जाऊन पैसे निघाल्याचा एसएमएस चालू आहे ना एवढं नक्की करा. अंगठ्याने पैसे कधीच काढत नसाल तर बँकेला ती सोय बंद करायला लेखी सांगता येतं.

दर दोन-तीन महिन्यांनी मायआधारवर पडताळणीचा इतिहास पाहा. मागच्या सहा महिन्यांतले ५०पर्यंत व्यवहार दिसतात: तारीख, वेळ, कोणत्या पद्धतीने, कोणत्या संस्थेने. अनोळखी नोंद दिसली की आधी कुलूप लावा. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार चूक तुमची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल तर नुकसान तुमच्यावर येत नाही. चौथ्या दिवसापासून जबाबदारी वाढत जाते, म्हणून पासबुक सहा महिन्यांनी भरण्याची सवय मोडा.

पॅन आणि सातबारा

पॅन आधाराशी जोडलेलं नसेल तर १ जुलै २०२३पासून ते निष्क्रिय धरलं जातं. करपरतावा अडतो आणि जिथे पॅन नसल्यासारखी कपात होते तिथे २० टक्के कर कापला जातो. जोडणीसाठी उशिराचं शुल्क एक हजार रुपये आहे. नाव किंवा जन्मतारीख न जुळल्याने जोडणी फेटाळली जाते, म्हणून पैसे भरण्याआधी तुलनेचं पान पुन्हा पाहा.

शेतकरी ओळख क्रमांकासाठी आधारातलं नाव सातबाऱ्यावरच्या नावाशी ताडलं जातं. सातबाऱ्यावर हाकेचं नाव किंवा मधलं नाव गाळलेलं नाव असतं, आणि अडतं. लेखनातली चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. सोबत जुना फेरफार उतारा जोडा, कारण चूक कोणत्या फेरफाराच्या वेळी शिरली ते त्यातून दिसतं. आधारातलं नाव सातबाऱ्याप्रमाणे ‘बापू’ करून घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, बाकीचे सगळे कागद मोडतील.

घरात मृत्यू झाल्यावर

मायआधारवर कुटुंबातल्या माणसाच्या मृत्यूची नोंद देता येते. कळवणाऱ्याने स्वतःच्या आधाराने लॉग-इन करायचं, मृताचा आधार क्रमांक, मृत्यू नोंदणीचा क्रमांक आणि बाकीचा तपशील भरायचा. पडताळणी झाली की क्रमांक बंद होतो. मृत्यूचा दाखला घेताना त्यावरचं नाव आधार आणि बँकेतल्या नावाशी जुळतंय का ते नोंदणी कार्यालयातच वाचून घ्या, वारसाचे सगळे दावे त्या कागदावर चालतात. किमान पाच-सहा प्रती घ्या. रेशन कार्डावरचं नाव कमी करून घ्या. त्यांचं सिम मात्र काही महिने चालू ठेवा: बँक, विमा, पोस्ट यांचे संदेश त्यावर येत राहतात, आणि घरच्यांना माहीत नसलेली खाती पुष्कळदा त्यांतूनच सापडतात.